आउटफिल्डमधील खेळाडूने चामड्याचा ग्लोव्ह कसा निवडावा?

१६ ऑक्टोबर १९१२ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर ‘वर्ल्ड सिरीज’ या अमेरिकी बेसबॉलमधील सर्वोच्च स्पर्धेचा निर्णायक सामना दहाव्या डावात पोहोचला होता. न्यूयॉर्क जायंट्स संघ २-१ असा आघाडीवर होता. बॉस्टनच्या फलंदाजाने मारलेला एक साधा उंच चेंडू जायंट्सचा सेंटरफिल्डर फ्रेड स्नॉडग्रास याच्या ग्लोव्हमध्ये आला आणि निसटला. बॉस्टनने तो सामना आणि अजिंक्यपद ३-२ असे जिंकले. स्नॉडग्रास याचे १९७४ मध्ये निधन झाले, तेव्हा बासष्ट वर्षांपूर्वी सुटलेल्या त्या झेलाचा उल्लेख त्याच्या मृत्युलेखाच्या मथळ्यातच होता.

आउटफिल्डमधील खेळाडूची जबाबदारी किती मोठी असते, हे यावरून लक्षात यावे. त्याच्यामागे चेंडू अडवणारे कोणीही नसते. इनफिल्डमध्ये सुटलेल्या चेंडूने बहुधा एका बेसचे नुकसान होते. आउटफिल्डमध्ये सुटलेला चेंडू कुंपणापर्यंत जातो आणि सामना फिरतो. म्हणूनच या खेळाडूंचा ग्लोव्ह इतरांपेक्षा वेगळा बनवला जातो आणि तो निवडण्याचे निकषही वेगळे असतात.

भारतात हा विषय आता तितकासा परका राहिलेला नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांचाही समावेश करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतील अधिवेशनातच घेतला. शाळा-महाविद्यालयांत हे खेळ खेळले जातात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही तेथील बाल-संघांत खेळतात. अशा वेळी पालकांपुढे आणि नव्या खेळाडूंपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ग्लोव्हच्या खरेदीचा.

क्रिकेटपेक्षा वेगळे तंत्र

क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक वगळता क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी झेल घेतात. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षक एका हातात ग्लोव्ह घालतो आणि दुसऱ्या, मोकळ्या हाताने चेंडू फेकतो. बेसबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका, सुमारे १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याचा परीघ २३ सेंटिमीटरच्या आसपास असतो.

येथेच खरेदीतील पहिला घोटाळा होतो. उजव्या हाताने फेकणारा खेळाडू ग्लोव्ह डाव्या हातात घालतो. अमेरिकी ग्लोव्हवर मात्र ‘राइट हँड थ्रो’ असे, किंवा त्याची आद्याक्षरे आर.एच.टी., लिहिलेली असतात. याचा अर्थ ‘उजव्या हातात घालण्याचा’ असा नसून ‘उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी’ असा आहे. घरबसल्या मागणी नोंदवताना हा फरक न समजल्यास नेमका उलट्या हाताचा ग्लोव्ह घरी येतो.

आकार किती असावा?

ग्लोव्हचा आकार इंचांत सांगितला जातो. तर्जनीच्या टोकापासून आतल्या खळग्याच्या वळणावरून मनगटाकडच्या खालच्या कडेपर्यंत मोजपट्टी धरून हे माप घेतात. सरळ रेषेत मोजल्यास आकडा कमी येतो. प्रौढ इनफिल्डर साधारण ११.२५ ते ११.७५ इंचांचे ग्लोव्ह वापरतात. आउटफिल्डर १२.५ ते १३ इंचांचे, म्हणजे सुमारे ३२ ते ३३ सेंटिमीटरचे ग्लोव्ह पसंत करतात. त्यांतही १२.७५ इंच हे माप सर्वाधिक प्रचलित आहे. अमेरिकेतील ‘मेजर लीग’च्या नियमांनुसार ग्लोव्हची लांबी १३ इंचांपेक्षा आणि तळव्याची रुंदी ७.७५ इंचांपेक्षा अधिक असता कामा नये.

या फरकामागे मैदानाची रचना आहे. फलंदाजाच्या जागेपासून आउटफिल्डचे कुंपण दोन्ही टोकांना साधारण १०० मीटर आणि मध्यभागी १२० मीटरच्या आसपास असते. एवढा मोठा प्रदेश तिघांना सांभाळावा लागतो. धावत, झेपावत किंवा कुंपणाला लागून उडी मारत झेल घेताना अर्ध्या इंचाची अधिक पोच निर्णायक ठरू शकते. अनेकदा चेंडू जाळीच्या अगदी टोकात अडकतो आणि अर्धा बाहेर दिसतो. बर्फाच्या गोळ्यासारख्या दिसणाऱ्या या झेलाला अमेरिकेत ‘स्नो कोन’ असेच म्हणतात.

लांबीइतकाच खळग्याचा खोलपणाही महत्त्वाचा आहे. इनफिल्डरला चेंडू पकडताक्षणी फेकायचा असतो, त्यामुळे त्याचा खळगा उथळ असतो. आउटफिल्डरला त्या मानाने क्षणभर अधिक मिळतो. त्याला चेंडू हातातून उसळून बाहेर न पडण्याची हमी हवी असते. म्हणून त्याचा खळगा खोल ठेवतात. मात्र खळगा अतिशय खोल असेल, तर चेंडू शोधून बाहेर काढण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात धावणारा खेळाडू पुढचा बेस गाठतो.

जाळी आणि ऊन

अंगठा आणि तर्जनी यांना जोडणारा भाग म्हणजे जाळी. स्नॉडग्रास याच्या काळात ग्लोव्ह लहान असत आणि या जागी फार तर चामड्याची एक पट्टी असे. १९२० च्या सुमारास सेंट लुईस कार्डिनल्सचा पिचर बिल डोक याने अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्या विणून खळगा तयार करण्याची कल्पना रॉलिंग्ज या कंपनीपुढे मांडली. तेव्हापासून चेंडू तळहातावर न झेलता जाळीत पकडण्याची पद्धत रूढ झाली. १९५७ मध्ये विल्सन कंपनीने ‘ए २०००’ हा मोठ्या खळग्याचा आणि सहज मिटणारा ग्लोव्ह आणला. आजच्या ग्लोव्हची घडण बऱ्याच अंशी त्याच वळणाची आहे.

आउटफिल्डरसाठी जाळीचे दोन प्रकार विशेष उपयुक्त मानले जातात. पहिला प्रकार इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचा असतो. त्यात दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी असून मध्ये मोकळ्या फटी राहतात. दुसरा ‘ट्रॅपीझ’ प्रकार १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉलिंग्जने प्रचारात आणला. त्यात मधोमध असलेली उभी पट्टी दोन्ही बाजूंना वाद्यांनी विणलेली असते. त्यामुळे ग्लोव्हला जणू सहावे बोट फुटते. ‘एच’ जाळी अधिक ताठ राहते. ट्रॅपीझ जाळीचा खळगा अधिक खोल आणि लवचीक असतो.

या दोन्हींमध्ये समान गोष्ट म्हणजे त्यांच्या फटींतून आरपार दिसते. चेंडू सूर्याच्या दिशेने येत असेल, तर खेळाडू ग्लोव्ह वर धरून डोळ्यांवर सावली करतो आणि फटींतून चेंडूवर नजर ठेवतो. पिचरला चेंडूवरील आपली पकड फलंदाजापासून लपवायची असते, म्हणून तो पूर्ण बंद जाळी वापरतो. तीच जाळी आउटफिल्डरच्या नजरेआड चेंडू दडवते.

ऊन हा आउटफिल्डमधील खराखुरा प्रतिस्पर्धी आहे. ६ ऑक्टोबर १९६६ रोजी ‘वर्ल्ड सिरीज’च्या दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिस डॉजर्सचा सेंटरफिल्डर विली डेव्हिस याच्याकडून पाचव्या एकाच डावात तीन चुका झाल्या. दोन उंच चेंडू दुपारच्या उन्हामुळे सुटले आणि तिसरी चूक फेकीत झाली. बाल्टिमोर ओरिओल्सने तो सामना ६-० असा आणि पुढे मालिका ४-० अशी जिंकली. डेव्हिस हा नाणावलेला क्षेत्ररक्षक होता. योग्य जाळी उन्हावर संपूर्ण मात करू शकत नाही. परंतु चुकीची जाळी अडचण निश्चित वाढवते.

चामड्याची पारख

उत्तम ग्लोव्हसाठी प्रामुख्याने दोन प्रकारचे चामडे वापरतात. ‘स्टीअरहाइड’ म्हणजे बैलाचे जाड, कणखर चामडे. ते सुरुवातीला ताठ असते, पण एकदा वळण घेतले की अनेक हंगाम आकार सोडत नाही. ‘किप’ हे पूर्ण वाढ न झालेल्या जनावराचे चामडे असून ते अधिक हलके, घट्ट कणांचे आणि मुलायम असते. त्याची किंमतही अधिक असते. दिवसभर धावणाऱ्या खेळाडूला हलका ग्लोव्ह सोयीचा वाटतो, तर दररोज कठोर सराव करणाऱ्याला स्टीअरहाइड टिकाऊ ठरते. स्वस्त ग्लोव्ह डुकराच्या किंवा पातळ गाईच्या चामड्याचे, अथवा अंशतः कृत्रिम कापडाचे असतात. ते पहिल्या दिवसापासून मऊ असतात; मात्र तोच मऊपणा काही महिन्यांत ढिलाई बनतो.

ज्या वाचकांना गोवंशाचे चामडे वापरणे मान्य नसेल, त्यांनी खरेदीपूर्वी चामड्याचा प्रकार स्पष्ट विचारून घ्यावा. संपूर्ण कृत्रिम साहित्याचे ग्लोव्हही मिळतात. नवशिक्यांसाठी ते पुरेसे आहेत.

दुकानात ग्लोव्ह हाताळताना चामड्याबरोबर वाद्याही पाहाव्यात. वादी म्हणजे ग्लोव्हचा सांगाडा होय. ती जाडीला सारखी, न चिरलेली आणि ओढल्यावर फारशी न ताणणारी असावी. बोटांच्या टोकांना जोडणाऱ्या वाद्या ढिल्या असल्यास वेगाने आलेला चेंडू बोटे मागे वाकवून निसटतो. शिवण सलग आहे का आणि आतले अस्तर टोचत नाही ना, हेही तपासावे.

हाताला बसतो का?

वरील सर्व गुण असूनही ग्लोव्ह हाताला बसत नसेल, तर तो निरुपयोगी आहे. त्यासाठी एक साधी चाचणी पुरते. ग्लोव्ह घालून मनगटाचा पट्टा आवळावा, हात डोक्यावर सरळ उंच करावा आणि अंगठा व करंगळी एकमेकांकडे आणून ग्लोव्ह मिटवावा. ताठपणामुळे नवा ग्लोव्ह पूर्ण मिटणार नाही. परंतु तो हलायला हवा. हात उंच असताना ग्लोव्ह मागे कलंडत असेल किंवा मनगटावर फिरत असेल, तर तो मोठा आहे असे समजावे.

पुष्कळ आउटफिल्डर तर्जनी ग्लोव्हच्या बाहेर पाठीवर ठेवतात, जेणेकरून चेंडूचा आघात तिच्या मुळाशी बसत नाही. काही जण करंगळीच्या कप्प्यात दोन बोटे घालतात. त्यामुळे मोठा ग्लोव्ह मिटवण्यास अधिक जोर मिळतो आणि खळगा खोल होतो. आपली सवय कोणती, हे ठाऊक असल्यास निवड सोपी होते.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची पद्धत आहे. ग्लोव्हच्या बाबतीत ती घातक ठरते. दहा वर्षांच्या मुलाला १२.७५ इंचांचा ग्लोव्ह दिल्यास तो त्याला मिटवता येत नाही, चेंडू आदळून बाहेर पडतो आणि मूल चेंडूला भिऊ लागते. साधारण ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ११ ते १२ इंच, आणि त्यापुढे हाताच्या वाढीनुसार मोठे माप, असा क्रम ठेवावा.

महाराष्ट्रात आणि अन्यत्र सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. सॉफ्टबॉलचा परीघ सुमारे १२ इंच, म्हणजे बेसबॉलच्या चेंडूपेक्षा तीन इंचांनी अधिक असतो. त्यामुळे सॉफ्टबॉलच्या ग्लोव्हचा खळगाच अधिक रुंद घडवलेला असतो. लांबीचा आकडा सारखा दिसला, तरी दोन्ही ग्लोव्ह एकच असतात असे नाही.

वळण आणि निगा

चांगल्या चामड्याचा ग्लोव्ह खेळण्यायोग्य होण्यास काही आठवडे लागतात. त्याचा उत्तम उपाय म्हणजे रोज झेलांचा सराव. दरम्यान लाकडी हातोडीने खळग्यावर हलके ठोके द्यावेत आणि रात्री खळग्यात चेंडू ठेवून ग्लोव्ह दोरीने सैल बांधावा. लवकर मऊ व्हावा म्हणून तो पाण्यात भिजवणे, ओव्हनमध्ये तापवणे किंवा कडक उन्हात ठेवणे टाळावे. त्यामुळे चामड्यातील स्निग्धता नष्ट होऊन भेगा पडतात. ग्लोव्हसाठी मिळणारे मलम बोटाच्या टोकावर मावेल इतकेच लावावे. घरातील खोबरेल तेल भरमसाट चोळल्यास ग्लोव्ह जड होतो, धूळ धरतो आणि ताठपणा गमावतो.

कोकण, गोवा, मुंबई यांसारख्या दमट प्रदेशांत पावसाळ्यात चामड्यावर बुरशी चढते. ओला ग्लोव्ह कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, हवेशीर जागी वाळवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. तुटलेली वादी बदलता येते. त्यामुळे एखादी वादी तुटली म्हणून चांगला ग्लोव्ह टाकून देण्याचे कारण नाही.

थोडक्यात, प्रौढ आउटफिल्डरने १२.५ ते १३ इंचांच्या दरम्यानचा, उघड्या जाळीचा, खोल खळग्याचा आणि भक्कम वाद्यांचा ग्लोव्ह पाहावा. त्यांतून अंतिम निवड करताना मात्र किमतीपेक्षा आणि नामांकित खेळाडूच्या स्वाक्षरीपेक्षा आपल्या हाताचा कौल अधिक मोलाचा मानावा. धावता धावता हात उंचावल्यावर जो ग्लोव्ह आपल्या इच्छेसरशी मिटतो, तोच खरा उपयोगी पडतो.