साठ ग्रॅमचं गणित

प्रोटीनचा डबा म्हटला की आपल्या होस्टेलवर कोण डोळ्यासमोर येतं हे सांगायला नको. जिममधून येऊन शेकर हलवणारी मंडळी! म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मावशीच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी तसाच डबा दिसला तेव्हा मला हसूच आलं. मावशी बावन्न वर्षांची, आणि जिमचा उंबरठा तिने कधी ओलांडलेला नाही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका पदरात घ्या.)

मावशीचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी ठेवतात. सुरुवातीचे काही महिने एका वेळी फार तर अर्धी वाटी पोटात मावते. मावशी भराभर बारीक झाली, सगळे कौतुक करत होते. मग केसांचे पुंजके हातात येऊ लागले आणि जिना चढताना पाय थरथरायला लागले. "अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू," असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "दिवसभरात काय खाता?" मावशीने अभिमानाने सांगितलं, भाताची पेज, पातळ वरण, फळांचा रस, मऊ खिचडी.

इथेच गणित चुकलं होतं. या ऑपरेशननंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगतात, काहींना ८०. पातळ वरणाच्या अर्ध्या वाटीत जेमतेम ३ ग्रॅम. सहा वेळा खाल्लं तरी १८! आपल्या भाषेत सांगायचं तर टाकीचा व्हॉल्यूम फिक्स, आउटपुटही फिक्स. मग हातात उरतं ते फक्त कॉन्सन्ट्रेशन.

मला प्रश्न पडला, अंगावर एवढी चरबी शिल्लक असताना शरीराला कमी कशाची? चरबी जाळून ऊर्जा मिळते हो, पण चरबीत नायट्रोजन नसतो, त्यामुळे तिच्यातून प्रोटीनची गरज भागत नाही. आणि प्रोटीनचं वेगळं कोठार शरीरात नाही. बाहेरून आलं नाही की शरीर स्नायू मोडून काम चालवतं. म्हणजे काट्यावर कमी दिसणारे सगळे किलो चरबीचे नसतात. केसांचं थोडं वेगळं आहे. वजन झपाट्याने उतरलं की तीन-चार महिन्यांनी बऱ्याच जणांचे केस गळतात आणि पुढे परत येतात. प्रोटीन किंवा लोह कमी पडलं तर मात्र हे गळणं लांबतं.

उपाय म्हणजे खाण्याचा क्रम बदलायचा. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भात-पोळी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. मावशी अंडं खाते, मासे-मटण नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. पण तिला खरा मानवला तो चक्का, म्हणजे श्रीखंड वजा साखर. दही टांगलं की पाणी गळतं आणि प्रोटीन बरंचसं फडक्यात राहतं. गंमत म्हणजे डब्यातली व्हे पावडर ही तशाच गळलेल्या पाण्यातून येते! चीज बनवताना निघणाऱ्या त्या पाण्यात प्रोटीन एक टक्कासुद्धा नसतं. ते मेम्ब्रेनमधून गाळून घट्ट करतात आणि स्प्रे ड्रायरने सुकवतात. केमिकलवाल्यांनो, युनिट ऑपरेशन्स अशी उपयोगी पडतात. एका मापात २०-२५ ग्रॅम मिळतं, म्हणून तो डबा. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आजीला हे पटायला वेळ लागला. तिच्या मते भाताशिवाय जेवण म्हणजे उपासच. आता रोज रात्री तीच दही टांगून ठेवते. मावशी छोटा चमचा घेऊन वीस-पंचवीस मिनिटं खात असते तेव्हा शेजारी बसून राहते, आणि "अजून एक घास घे" हे वाक्य गिळून टाकते.