महाग बूट की साधा गमबूट?

मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या सडक अर्जुनीतून कोणत्याही बाजूला चार-सहा किलोमीटर गेले की एक तर धानाच्या बांध्या लागतात, नाही तर जंगल. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. वर्षातले बहुतेक महिने इथल्या माणसाचा पाय माती, काटे आणि पाण्यात असतो. अलीकडे मोबाईलवर परदेशी ‘हंटिंग बूट’ची चित्रे पाहून अनेक तरुण विचारतात, की असे पाच-दहा हजारांचे बूट घ्यावेत काय? शिकारीला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तेव्हा प्रश्न शिकारीचा नाही, पायाच्या आरोग्याचा आहे.

किंमत कशाची?

हे बूट थंड देशांतल्या शिकाऱ्यांसाठी बनतात. त्यात ऊब धरून ठेवणारा थर असतो. पाणी आत येऊ न देणारे, पण घामाची वाफ बाहेर सोडणारे पातळ पटल असते. वर जाड कातडे आणि खाली खोल खाचांचा तळवा असतो. यातला उबेचा थर आपल्या मे महिन्यात निव्वळ शिक्षा आहे. वाफ सोडणारे पटल बाहेर कोरडी हवा असली तर चांगले चालते. श्रावणातल्या दमट हवेत त्याचा उपयोग बराच कमी होतो. शिवाय बांधीतले पाणी एकदा वरून बुटात शिरले, की तोच थर ते लवकर बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे किमतीचा मोठा भाग आपल्या कामाचा नाही. खरोखर उपयोगी पडतात त्या गोष्टी तीन: घोट्याला आधार, न घसरणारा तळवा आणि उंची.

साप आणि बूट

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मरणारे बहुतेक खेड्यातले, आणि दंश बहुधा पायालाच होतो. त्यामुळे गुडघ्याखालपर्यंत येणारा साधा रबरी गमबूट हा काही शे रुपयांत मिळणारा मोठा विमाच आहे. घोणशीचे विषदंत लांब असतात. पातळ रबर ते दरवेळी अडवीलच असे नाही. पण गमबूट पायापासून सैल असतो, त्यामुळे दात कातडीपर्यंत पोचण्याची शक्यता कमी होते. घोट्यापर्यंतचा दहा हजारांचा बूट पोटरीचे रक्षण करू शकत नाही, हे लक्षात घ्यावे.

मात्र मण्यारीपुढे कोणताही बूट चालत नाही. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिथे खाट, अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि हाताशी बॅटरी हाच उपाय.

रोवणी करणाऱ्या बायाबापड्यांचे काय?

चिखलात गमबूट रुतून बसतो, पाऊल उचलत नाही. रोवणीला तो निरुपयोगी आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा खरा शत्रू चिखल्या. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, फाटते, आणि त्या भेगेतून जंतू आत शिरतात. लेप्टोस्पायरोसिससारखा रोगही अशाच जखमेतून होतो. कामाला जाण्यापूर्वी पायांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळावे. परतल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरड्या फडक्याने टिपावी. खाज सुटली तर बुरशीवरचे मलम डॉक्टरांना विचारून लावावे. घोट्यावर जखम असेल तर ती बरी होईपर्यंत पाण्यात उतरू नये.

खर्च कोणी करावा?

रोज दहा-पंधरा किलोमीटर दगडधोंड्यांतून चालणारे वनरक्षक, गाईड, मजूर यांनी चांगल्या बुटावर पैसे घालण्यात शहाणपण आहे. पण तळवा शिवलेला आणि बदलता येणारा असावा. समजा, आठ हजारांचा बूट तळवा बदलून चार वर्षे गेला, तर वर्षाला दोन हजार पडले. तळवा नुसता चिकटवलेला असेल आणि वर्षातच सुटला, तर तोच बूट आठ हजारांचा.

मधुमेह असलेल्यांनी आणि कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांनी मात्र ब्रँड पाहू नये. बूट चावला तरी त्यांना कळत नाही. त्यांना मऊ एमसीआर रबराचे पादत्राण लागते. कुष्ठरुग्णांना ते सरकारी योजनेतून मोफत मिळते. सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याजवळ चिघळणारे व्रण होतात. त्यांनी घोट्याला घासणारा बूट, स्वस्त असो वा महाग, घालूच नये.

घेताना आणि वापरताना

१. बूट संध्याकाळी घ्यावा. तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजा घालूनच मापून पाहावा.
२. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, टाच उचलली जाऊ नये.
३. मोजे रोज धुतलेले, कोरडे असावेत. शक्य तर बुटांच्या दोन जोड्या आळीपाळीने वापराव्यात.
४. ओल्या बुटात रद्दी कागद कोंबून सावलीत वाळवावा. चुलीजवळ नको, कातडे तडकते.
५. घालण्याआधी बूट उलटा करून झटकावा. विंचू तिथेच दडतो.

दंश झालाच तर

सूज चढण्यापूर्वी बूट, जोडवी, पैंजण हळूच काढावेत. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये. पाय हलू न देता, रुग्णाला न चालवता १०८ ची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. मांत्रिकाकडे गेलेला एक तास कोणताही बूट भरून देत नाही.

थोडक्यात, शेतावर गमबूट, जंगलात रोज चालणाऱ्याला मजबूत शिवलेला बूट, आणि रोवणीत कोरडा फडका व तेल. हातात आठ हजार असतील तर एकट्यासाठी एक जोड घेण्याऐवजी घरातल्या प्रत्येकासाठी गमबूट आणि मच्छरदाणी घ्यावी. त्यातून पैसे उरतीलही.