सांधणची दरी

गेल्या वर्षीं सहलीचें पत्रक घरोघर गेलें तेव्हां एका पालकांनीं शाळेंत येऊन आम्हांस विचारिलें, "सर, नाशकास पांडवलेणीं आहेत, अंजनेरी आहे, रामशेजचा किल्ला आहे. हें सर्व सोडून मुलांना त्या जमिनीच्या भेगेंत कशासाठीं नेतां?" प्रश्न रास्त होता. आम्हीं उभ्याउभ्या कांहीं उत्तर दिलें. परंतु त्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं. म्हणून ती हकीकत येथें सावकाशीनें लिहीत आहों.

नाशिकहून मुंबईच्या हमरस्त्यानें घोटीस जावें, तेथें डावीकडे वळून कळसूबाईच्या पायथ्याचें बारी गांव मागें टाकावें व शेंडीस, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणापाशीं, यावें. प्रवरेवरील हें धरण १९२६ सालीं पुरें झालें. जलाशयास वळसा घालून जाणारा रस्ता पुढें साम्रद नांवाच्या लहानशा खेड्यास पोहोंचतो. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर. मोटारीनें सारा प्रवास सुमारें तीन तासांचा आहे. गांवाच्या आसमंतांत रतनगड, अलंग, मदन, कुलंग असे एकाहून एक बेलाग किल्ले उभे आहेत. पण ज्यासाठीं आपण आलों ती दरी मात्र कोठेंच दिसत नाहीं. शेतांच्या बांधांवरून थोडें चालावें, मग झाडी लागते, आणि एकाएकीं समोरची जमीनच दुभंगलेली आढळते. सांध म्हणजे फट. तेव्हां स्थळाचें वर्णन त्याच्या नांवांतच आलें आहे असें आम्हांस वाटतें.

आंत शिरल्यावर दोन्ही बाजूंस काळ्या कातळाच्या भिंती उंच होत जातात. त्यांची उंची दोनशें फुटांहूनही अधिक भरते, आणि रुंदी कांहीं ठिकाणीं इतकी थोडी कीं मुलानें हात पसरले तर बोटें दोहोंकडे टेकावींत. वर आकाशाची एक निळी चिंधी तेवढी उरते. तळास ऊन घटकाभरच येतें. पायवाट अशी नाहींच. घरंगळत आलेले धोंडे, कांहीं पेटीएवढे तर कांहीं बैलगाडीएवढे, त्यांवरून चढत उतरत जावयाचें असतें.

हा कातळ आला कोठून? सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर भेगांतून लाव्हारस बाहेर पडला, आणि तोही एकदां नव्हे, पुनः पुनः. एक थर निवून दगड झाला कीं त्यावर दुसरा पसरे. सांधणच्या भिंती नीट निरखिल्या तर हे थर एकावर एक रचलेले ओळखूं येतात. रस निवतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले, व त्या पोकळ्यांत कालांतरानें पांढरे स्फटिक जमले. नाशिककडील असे स्फटिक दूरदूरच्या संग्रहालयांत आहेत. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांतही दोन आहेत, पण ते सांधणचे नव्हेत, आणि तेथून कोणीं आणूंही नयेत. कारण हा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो.

निवतांना दगड आकसतो व त्यास उभ्या चिरा पडतात. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोंकणाकडे धांव घेणारें पाणी असल्याच चिरेंत शिरतें. तें एकटें जात नाहीं. आपल्याबरोबर वाळू व गोटे नेतें, आणि हे गोटे करवतीच्या दांत्यांप्रमाणें तळ खरवडतात. तळ कापण्याचें काम जलद चालतें, बाजू झिजण्याचें सावकाश. त्यामुळें दरी रुंद होण्याऐवजीं खोल होत जाते.

भूगोलाच्या पुस्तकांत अशा अरुंद दऱ्यांचीं जीं चित्रें असतात तीं बहुधा वाळवंटांतलीं असतात. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत अँटिलोप नांवाची घळ आहे. जॉर्डन देशांत पेट्रा या प्राचीन नगराकडे जाणारी 'सिक' नांवाची सुमारें सव्वा किलोमीटर लांबीची घळ आहे. तेथें पाऊस तुरळक, म्हणून भिंतींवर माती व झाडोरा धरत नाहीं आणि कडे जसेच्या तसे उघडे राहतात. वर्गांत विचारलें तर निम्मीं मुलें सांगतात कीं, या दऱ्या वाऱ्यानें कोरल्या. वारा थोडेंफार घांसतो खरा, पण कोरणारें मुख्यतः पाणीच. वर्षांतून क्वचित् येणारें, पण आलें कीं सर्व कांहीं ओढून नेणारें. सांधणची गोष्ट वरकरणीं अगदीं उलट आहे. घाटघर-रतनवाडीच्या भागास नगरची चेरापुंजी म्हणतात, आणि पावसाळ्यांत दरींत पाऊल ठेवणेंही शक्य नसतें. परंतु उन्हाळ्यांत तीच दरी अशी कोरडी ठणठणीत होते कीं येथें कधीं पाणी वाहत असेल हें खरें वाटूं नये. माणूस फसतो तो या कोरडेपणानें.

आम्हीही फसलों होतों. कांहीं वर्षांपूर्वीं मेच्या अखेरीस वसतिगृहांत राहिलेल्या मुलांना घेऊन आम्ही तेथें गेलों. माथ्यावर आकाश स्वच्छ होतें. रतनगडाच्या अंगास एक ढग तेवढा बसला होता. दरीच्या तोंडाशीं येतांच आमचा वाटाड्या, साठीच्या घरांतला एक महादेव कोळी गृहस्थ, धोंड्यावर बसला आणि म्हणाला, "आज आंत नाय जायाचं." आम्हीं म्हटलें, "अहो, ढग तर कितीतरी लांब आहे." त्यावर तो म्हणाला, "गुरुजी, नळीचं पानी डोईवर पडत नाय, मागून येतं." आम्हीं वाद घातला. मुलांच्या देखत त्यास जे शब्द बोललों ते येथें लिहिण्याजोगे नाहींत. तो उठला नाहीं. शेवटीं आम्ही परतलों. पाणी आलें म्हणावें तर तेंही नाहीं. संध्याकाळपर्यंत ढग विरून गेला. मुलें हिरमुसलीं, आणि आमचा राग गाडींतही उतरला नाहीं. त्यानें मजुरी घेतली नाहीं. "दरी दावलीच नाय, मग पैसं कशाचं?" एवढेंच तो बोलला.

पुढें आमच्या वाचनांत आलें कीं, १२ ऑगस्ट १९९७ रोजीं त्या अँटिलोप घळींत अकरा प्रवासी लोंढ्यानें वाहून जाऊन मरण पावले. जोराचा पाऊस झाला होता तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगास. पेट्राची कथा याहून बोलकी आहे. तेथील नबाती लोकांनीं दोन हजार वर्षांपूर्वीं घळीच्या तोंडाशीं बांध घातला व खडकांतून बोगदा खणून पुराचें पाणी दुसरीकडे वळविलें. पुढें नगर ओस पडलें, बांधाची निगा राहिली नाहीं, आणि १९६३ च्या एप्रिलांत आलेल्या पुरानें वीसांहून अधिक फ्रेंच प्रवासी बुडाले. त्यानंतर बांध पुनः बांधण्यांत आला. वाळवंटांत राहणाऱ्यांनीं पाण्याचें भय इतक्या पूर्वीं ओळखिलें होतें. आम्हां पदवीधर मास्तरांस मात्र तें धोंड्यावर बसून सांगावें लागलें.

गेल्या जानेवारींत आम्ही पुनः गेलों. मुलें एकतीस, त्यांत त्या पालकांचा चिरंजीवही होता. वाटाड्या तोच; त्यानें ओळखिलें, पण जुन्या गोष्टीचा शब्द काढिला नाहीं. वाटेंत पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला गुडघाभर होता, दुसरा मोठ्या मुलांच्या कमरेइतका; पाणी इतकें गार कीं सर्वांची बडबड एकदम थांबली. (पालकांनीं कोरड्या कपड्यांचा एक जोड व खरखरीत तळाचे बूट अवश्य द्यावे. अत्तर लावून पाठवूं नये. कड्यांवर आग्या मोहोळें असतात, आणि तेथें धूर वा आरडाओरडाही चालत नाहीं.) डोहांपलीकडे दोन्ही भिंतींच्या मध्यें एक झाडाचा ओंडका आडवा रुतलेला होता, आमच्या डोक्याच्याही वर, दोन पुरुष उंचीवर. साल सोलून तो हाडासारखा पांढरा झाला होता. इयत्ता आठवींतल्या एका मुलानें विचारिलें, "सर, हा इतक्या वर कोणीं अडकवला?" आम्ही उत्तर देण्यापूर्वींच त्याच्या मागील मुलानें हळूच सांगितलें, "पाण्यानें." मग बराच वेळ सर्वजण ओंडक्याकडे व नंतर आपल्या पायांकडे पाहत राहिले.

सुमारें मैलभर गेल्यावर दरी उघडते व पुढें कडा तुटतो. खालीं ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्याचें रान पसरलेलें दिसतें. तेथून उतरावयास दोर व जाणती माणसें लागतात. शाळेच्या मुलांस तें काम नव्हे. आम्ही तेथेंच भाकरी सोडल्या आणि ऊन कलण्यापूर्वीं मागें वळलों.

बाहेर आल्यावर हजेरी घेण्यासाठीं आम्हीं खिशांतून यादी काढिली. तोंवर म्हातारा दरीच्या मुखाशीं उभा राहून, बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खांद्यास हात लावीत, मोजीत होता. एकतिसावा मुलगा वर आला तेव्हां तो म्हणाला, "भरलं, गुरुजी," आणि मग मजुरीसाठीं त्यानें हात पुढें केला.