दारासमोरचा रस्ता कोणाचा?

एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात सायकलीसाठी चार हात जागा मागावी आणि त्यावरून वस्तीवस्तीत तंटा उभा राहावा, हा काळाचा विचित्र न्यायच म्हटला पाहिजे. शाळामास्तर, कचेरीतला कारकून, कॉलेजचा विद्यार्थी आणि कारखान्यातला कामगार हे सारे ज्या वाहनावरून ये-जा करीत, त्याला आज रस्त्यावर हक्काची जागा उरलेली नाही. ही चूक दुरुस्त करण्याच्या हेतूने महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली. औंधसारख्या भागात पदपथ रुंद झाले, सायकलमार्ग निघाले. त्याबरोबर 'आमच्या गाड्या आता कोठे लावायच्या?' हा रहिवाशांचा व दुकानदारांचा सवालही आला. मार्च २०१८ मध्ये रस्त्यावर वाहने उभी करण्यास शुल्क आकारण्याचे धोरण सर्वसाधारण सभेपुढे आले, तेव्हा तर असा गदारोळ उठला की अवघ्या शहरासाठी आखलेले ते धोरण प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरते आक्रसले.

रहिवाशांची तक्रार निव्वळ स्वार्थाची म्हणून झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही. जुन्या सहकारी गृहसंस्थांच्या इमारती बांधल्या गेल्या, त्या काळी घरटी मोटार असेल अशी कल्पनाही कोणी केली नव्हती. त्यामुळे आवारात गाडीला जागा नाही. घरात अंथरुणाला खिळलेले वडील असतील, तर गाडी दाराशी असणे ही चैन नसून गरज ठरते. बसची वाट पाहून कंटाळलेल्या माणसाने कर्ज काढून गाडी घेतली, तर त्याचा सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय केलेले सायकलमार्ग तरी कसे? कोठे मध्येच झाड, कोठे विजेचा खांब, पुढे बसथांबा आणि चौक आला की मार्ग नाहीसा. अशा तुटक पट्टीवरून कोणी सायकल नेत नाही आणि मग ती रिकामी आहे म्हणून तिच्याकडे बोट दाखविले जाते.

हे सर्व मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. घरासमोरचा रस्ता हा घराचा भाग नव्हे. कायद्याने सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित आहेत, म्हणजे पर्यायाने ते सर्व नागरिकांचे आहेत. वर्षानुवर्षे गाडी एका जागी उभी राहिली, म्हणून त्या जागेवर वहिवाटीचा हक्क सांगता येत नाही. एका मोटारीला उभे राहण्यासाठी सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा धरली जाते. चाळीतील दहा बाय बाराची खोली याहून लहान असते, आणि तशा खोल्यांत पिढ्यानपिढ्या भाडे भरून संसार झाले. मोटार मात्र तेवढीच जागा दिवसरात्र बहुधा फुकट अडवते. सार्वजनिक उपयोगाच्या जागेवर अतिक्रमण करण्याचा हक्क कोणालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सांगितले. ते वचन झोपडीवाल्याला आणि भाजीच्या हातगाडीला आपण तत्परतेने लावतो. उभ्या मोटारीपाशी येताच ते आपल्याला आठवेनासे होते. वाहनांच्या जागेचे शुल्क त्या जमिनीच्या खऱ्या मोलाला साजेसे असावे, असे केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही म्हटले होते. त्याचे स्मरण पाच रस्त्यांपलीकडे गेले नाही.

हा वाद केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. सायकलींचा देश म्हणून आज ज्याचे दाखले दिले जातात, त्या हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. 'बालहत्या थांबवा' अशा नावाची चळवळ तेथे उभी राहिली. अ‍ॅमस्टरडॅमच्या दाटीवाटीच्या डे पाइप वस्तीत मुलांनीच खेळण्यासाठी रस्ता अडविला, तेव्हा संतापलेल्या मोटारवाल्यांशी रहिवाशांची झटापट झाली. हेग शहरात सायकलमार्ग काढताच दुकानदारांनी विरोध केला. एकेकटा मार्ग काढून फारसे साधत नाही, हा धडाही त्या देशाने घेतला. पुढे डेल्फ्ट शहरात मार्गांचे सलग जाळे विणले गेले, तेव्हा सायकलींचा वापर खरोखर वाढला. अ‍ॅमस्टरडॅमने तर २०१९ मध्ये सुमारे अकरा हजार वाहनजागा कमी करण्याचे ठरविले, पण कोणाचा चालू परवाना हिसकावून घेतला नाही. घर सोडून गेलेल्या किंवा गाडी विकलेल्या माणसाचा परवाना दुसऱ्यास द्यायचा नाही, एवढाच मार्ग पत्करला.

आपल्या महापालिकांनी घेण्यासारखे आहे ते या सबुरीत आणि सातत्यात. रात्रीत पट्टे मारून सकाळी रहिवाशांना चकित करण्याने शत्रुत्वच वाढते. आधी वस्तीतील गाड्यांची मोजदाद करावी, अपंग व रुग्ण यांच्यासाठी जागा राखाव्यात, उरलेल्यांना वाजवी शुल्काचे परवाने द्यावेत, तो पैसा बससेवेकडे वळवावा, आणि सायकलमार्ग काढायचा तर तो शाळेपासून स्थानकापर्यंत अखंड काढावा.

वस्तीच्या सभेत आवाज उठतो तो गाडीमालकाचा. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा पहारेकरी, चार घरची धुणीभांडी करून सायकलीवरून परतणारी बाई आणि शिकवणीला निघालेली आठवीतली मुलगी यांना त्या सभेचे बोलावणे नसते. रस्त्याच्या वाटणीचा निर्णय त्यांच्या गैरहजेरीत होतो, आणि वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या मधून वाट काढण्याचा धोका मात्र त्यांच्या वाट्याला येतो. दारासमोरच्या साडेबारा चौरस मीटरांचा हिशेब मांडताना या माणसांचे नाव त्यात येणार की नाही, हे नागरिकांनीच ठरवावयाचे आहे.