सपाटीचा सौदा

प्लायवूडला रंधा लागत नाही. बंगळूरच्या जुन्या बाजारात रंधामशिनं का येऊन पडली आहेत, याचं निम्मं उत्तर एवढंच आहे. आठ बाय चारचा बोर्ड कारखान्यातूनच सपाट निघतो. तो कापायला पॅनल सॉ आणि कडा झाकायला एज बँडर असला की मॉड्युलर स्वयंपाकघर उभं राहतं. खिडक्या यूपीव्हीसीच्या झाल्या, दारं फ्लश डोअरची. २०२२च्या जूनमध्ये नागसंद्रा मेट्रोला खेटून आयकियाचं दुकान उघडलं, तेही पीण्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी. सागवानी चौकटी आणि भरीव दारं करणाऱ्या लहान शेड एकेक करून बंद होत गेल्या, आणि त्यांतली बिडाची धुडं म्हैसूर रोडवरच्या टिंबर यार्ड लेआउटमध्ये वखारींच्या मागच्या अंगाला ताडपत्रीखाली आली. विकणारा किंमत सांगताना आधी मनात वजन करतो. बीड भंगारात घातलं तर किती सुटतील, त्याच्या खाली तो येत नाही. तिथून वर किती चढायचं, ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर.

संपादकांनी मला पाठवलं होतं ते वेगळ्या कामाला. "आयटीतली मंडळी सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतात म्हणे, त्यावर लिहा." मंडळी भेटली, चहा झाला, पण 'मन रमतं' यापलीकडे फार काही हाती लागलं नाही. त्यांच्यातल्या एकाला मात्र जुनं सरफेस प्लेनर घ्यायचं होतं. मूळचा सांगलीकडचा, नोकरी व्हाइटफील्डला, शहराबाहेर बैठं घर आणि घरामागे पत्र्याची शेड. त्याच्याबरोबर मशिनं बघत हिंडलो आणि लेखाचा विषय तिथेच बदलला.

हातरंधा लाकडावरून फिरतो. इथे लाकूड रंध्यावरून फिरतं. बिडाची दोन लांब टेबलं, मध्ये आडवा फिरणारा कटर ब्लॉक, त्यात दोन किंवा तीन पाती. पुढचं टेबल जरासं खाली असतं. जितकं खाली, तितकं लाकूड सोललं जातं. मागचं टेबल पात्यांच्या सर्वांत उंच टोकाशी अगदी बरोबरीनं. फळी पुढच्या टेबलावरून पात्यांवर येते, सोललेला भाग मागच्या टेबलावर टेकतो आणि उरलेल्या फळीला तोच आधार होतो. म्हणजे हे यंत्र स्वतःचा सरळपणा लाकडात उतरवतं. टेबलात जे आहे तेच फळीत येणार, खोटही.

मग थिकनेसर कशाला असतो, असं मीही विचारलं. थिकनेसर दोन बाजू समांतर करतो, सरळ करत नाही. पिळलेली फळी त्याच्या रुळांखाली दाबली जाते, सोलली जाते आणि बाहेर आल्यावर पुन्हा पिळते, फक्त आधीपेक्षा पातळ होऊन. पहिली सपाट बाजू आणि पहिली काटकोनातली कड सरफेस प्लेनरवरच मिळते. सुतार हातरंध्यानं ती काढतातच, पण कोडगूच्या कॉफीमळ्यांतून येणाऱ्या सिल्व्हर ओकच्या ढीगभर फळ्या हातानं सरळ करायला आता कोणाला वेळ आहे?

इतिहास थोडक्यात उरकतो. इंग्लंडात सॅम्युअल बेंथमनं १७९०च्या दशकात लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटं घेतली, अमेरिकेत विल्यम वुडवर्थनं १८२८ साली रंधामशिनाचं पेटंट घेतलं आणि त्या पेटंटानं गिरणीवाल्यांना पुढची पंचवीसेक वर्षं पिडलं. लेस्टरचं वॅडकिन १८९७चं. त्याची पाटी असलेलं मशीन दिसलं की जाणकार आजही वाकून बघतात. आपल्याकडची बहुतेक मशिनं पंजाब नाही तर गुजरातमधल्या ओतशाळांतून आलेली. त्यांच्यावर कधी पाटी असते, बहुधा नसते.

आता फिटरकडे येतो, कारण बाजारात बघण्यासारखं खरं तोच होता. साठीचा माणूस, बोली दखनी, सगळे त्याला उस्ताद म्हणत. कोणी जुनं मशीन घ्यायला आलं की विकणारा त्यालाच बोलावतो आणि घेणाराही त्यालाच, त्यामुळे तो नेमका कोणाच्या बाजूचा हे शेवटपर्यंत कळत नाही. मित्रानं मोटर चालू करून दाखवायला सांगितलं. उस्तादांनी हात वर केला. "मोटर का क्या है साब, मोटर तो आती-जाती. टेबल देखो." पिशवीतून त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांब स्टीलची पट्टी काढली आणि फिलर गेजचा जुडगा.

पट्टी उभ्या कडेवर धरून दोन्ही टेबलांवर आडवी टाकायची. पुढचं टेबल पात्यांच्या उंचीला वर आणायचं, म्हणजे दोन्ही एका पातळीत हवीत. मग पट्टीखाली फिलर गेजचं पान सरकवत जायचं. दहाव्या हिश्श्याचं, म्हणजे ०.१ मिलिमीटरचं पान कुठेच शिरलं नाही तर लाकडाला पुरे. अर्धा मिलिमीटर शिरला तर हात जोडायचे. नंतर पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात, दोन्ही कर्णांवर. टेबलांतला पीळ तिथेच पकडला जातो. पहिल्या मशिनाची टेबलं बाहेरच्या टोकांना खाली झुकलेली निघाली. अशा मशिनावर काढलेली कड मधोमध आत जाते, दोन फळ्या जोडताना मध्ये फट राहते, आणि सुतार बिचारा सगळा दोष लाकडाच्या ओलीला देतो.

झुकण्याचं कारण टेबलाच्या पोटात असतं. टेबल डव्हटेलच्या उतारावर वर-खाली सरकतं आणि त्या खाचेत एक जिब पट्टी असते. वर्षानुवर्षं भुसा आत जातो, तेल कोणी घालत नाही, घसारा होतो आणि टेबल आपल्याच वजनानं बाहेरच्या टोकाला लोंबतं. यावर उपाय आहे. जिब काढून खाचेच्या खालच्या टोकाला पितळेचा पातळ पत्रा, म्हणजे शिम, घालायचा आणि टेबल उचलायचं. एका जागी उचललं की दुसरीकडे पीळ येतो. मग तो काढायचा. उस्ताद म्हणाले, यात एक दिवस जातो किंवा आठवडा, आणि सुरू करताना कुठला ते सांगता येत नाही.

जुनं मशीन घ्यावं असं मला त्यांच्या बोलण्यातूनच वाटायला लागलं. ओतलेल्या बिडात ताण राहतात. पूर्वी मोठे कारखाने ओतकाम महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवत, मुरू देत, आणि मगच मशिनिंग करत. स्वस्त मशिनाला एवढी सवड कोण देणार? ओतलं, घासलं, रंगवलं, ट्रकवर चढवलं. असं नवं टेबल दुकानात सपाट असतं आणि पुढे हळूहळू वाकतं. तीस वर्षांच्या मशिनाचं जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं. आता एकदा नीट घासलं की ते तसंच राहतं.

आणि घासायचं म्हणाल तर त्यासाठी बंगळूरसारखं गाव नाही. १९५३ साली इथे एचएमटी उभी राहिली, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या साह्यानं, लेथ करायला. १९६२मध्ये तुमकूर रोडवर मशीन टूलचं संशोधन करणारी केंद्रीय संस्था आली, चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीनं. यंत्रं करणारी यंत्रं ज्या गावात होतात तिथे सपाटी हा रोजच्या बोलण्यातला विषय असतो. जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली ग्लासगोत खऱ्या सपाट पृष्ठांवर निबंध वाचला होता. त्या रीतीत तीन प्लेटा लागतात. दोनच घेतल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही एकमेकींवर चपखल बसतील. तिन्ही आळीपाळीनं एकमेकींवर निळा रंग लावून घासल्या, उंचवटे स्क्रेपरनं खरवडले, की खोटेपणाला जागा उरत नाही. एचएमटीच्या फिटरांना हे हातात भिनलेलं असे. त्यांतले कितीतरी पुढे पीण्यातल्या जॉब शॉपमध्ये गेले. लाकडाच्या मशिनाचं टेबल घेऊन तिथे गेलं तर आधी जरा हसतात. लोखंडवाल्यांच्या लेखी लाकूडवाल्यांचा मिलिमीटर फार मोठा असतो. पण लांब टेबलाच्या सरफेस ग्राइंडरवर घासून देतात, आणि काम आपल्या गरजेपेक्षा कितीतरी बारीक होऊन येतं.

गंमत म्हणजे लाकडाची स्वतःची संस्थाही याच शहरात आहे. मल्लेश्वरमच्या अठराव्या क्रॉसवरची लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था १९८८ची, तिची मुळं १९३८च्या वनसंशोधन प्रयोगशाळेत. तिथल्या प्रशिक्षण केंद्रात आता सीएनसी शिकवतात, आणि ते योग्यच आहे. नोकऱ्या तिथेच आहेत.

मित्रानं शेवटी पसंत केलं ते बारा इंची मशीन. टेबलं जवळजवळ खरी, गाइड काटकोनात, बेअरिंगचा आवाज होता पण बेअरिंग कुठेही मिळतात. एका पायावर ताजा हॅमरटोन रंग होता. उस्तादांनी तो नखानं खरवडला. खाली लांबी निघाली आणि लांबीखाली वेल्डिंग. पाय आहे, टेबल नाही, असं म्हणून भाव खाली आला. मोटरीवर किर्लोस्करांची पाटी बघून सांगलीकर खूश झाला. लक्ष्मणरावांची किर्लोस्करवाडी त्याच्याच जिल्ह्यातली, १९१०ची. त्यांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६मध्ये बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक काढली. कारखान्याच्या जुन्या जमिनीवर आज ओरायन मॉल आहे. मोटर तिच्या जन्मगावीच विकली जात होती.

अडचण सुरू झाली ती याच मोटरीपासून. ती थ्री फेज, ४१५ व्होल्टची. घरी सिंगल फेज. थ्री फेज घ्यायचं तर वीज कंपनीत अर्ज, मंजूर भार वाढवणं, नवं मीटर. त्याऐवजी व्हीएफडी लावता येतो. तो सिंगल फेज घेऊन थ्री फेज देतो, पण २३० व्होल्टचंच. म्हणजे स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टात जोडायला हवी आणि त्यासाठी वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर हवीत. टर्मिनल बॉक्स उघडला तर तीनच. स्टारची गाठ आत, वॉर्निशमध्ये बुडालेली. ती शोधून टोकं बाहेर काढायला रिवाइंडिंगवाला लागतो, आणि एकदा मोटर उघडली की तो म्हणतोच, साहेब, पूर्ण भरूनच टाकू.

मशीन टेम्पोत चढवणं हा स्वतंत्र प्रकार. टेबलाखाली दोरी घालून उचलायचं नाही, जिथे डव्हटेल आहे तिथेच ताण येतो. हमालांना हे सांगायला उस्ताद नव्हते. उतरवल्यावर पट्टी पुन्हा टाकली. मागचं टेबल केसभर हललं होतं. पाती बसवणं त्याहून चिकट काम. मागच्या टेबलावर पट्टी ठेवून कटर ब्लॉक हातानं फिरवायचा. पातं पट्टीला जरासं ओढून पुढे नेतं, साधारण तीन मिलिमीटर. प्रत्येक पात्यानं, दोन्ही टोकांना, तेवढंच न्यायला हवं. एक स्क्रू आवळला की दुसरं टोक वर येतं. टेबल पात्यांपेक्षा वर राहिलं तर फळी निमुळती होते, खाली राहिलं तर शेवटच्या बोटभर भागात खड्डा पडतो.

आणि गार्ड नव्हता. बघितलेल्या एकाही मशिनावर नव्हता. "निकाल देते पहले दिन," उस्ताद म्हणाले होते, अगदी सहज. कटर ब्लॉक मिनिटाला पाच हजार फेरे घेतो. तीन पाती असली तर मिनिटाला पंधरा हजार घाव. शंभर मिलिमीटर व्यासाच्या ब्लॉकच्या कडेचा वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढे जातो. जुने ब्लॉक चौकोनी असत आणि त्यांच्या भोवतीच्या पोकळीत अख्खा पंजा जाई. म्हणून १९४८च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांत हातानं लाकूड सरकवायच्या मशिनाला गोल ब्लॉकच हवा आणि वर झाकणारा पूल हवा, असं लिहिलं. कायद्याला मात्र विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार लागत. टिंबर यार्डातल्या शेडमध्ये चौघं असतात आणि मित्राच्या शेडमध्ये तो एकटा. बाजारात बेअरिंग, पट्टा, पाती, स्टार्टर सगळं सुटं मिळतं. या मशिनासाठी सुटा गार्ड आम्हाला कुठल्याच दुकानात दिसला नाही, कारण तो मागणारंच कोणी नाही.

फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमच्या चॅनलचा पूल करून घ्यायचं ठरलं आहे. तो मागच्या टेबलाच्या कडेला बसवायला बिडात दोन भोकं पाडावी लागतील, आणि इतकं झटून सपाट केलेल्या टेबलाला ड्रिल लावायला मित्राचा हात होत नाही. उस्तादांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, भोक पाडा, टेबलाला काही होत नाही, बोटांचं बघा. मित्राच्या बायकोनं तोवर मोटरची वायर काढून कपाटात ठेवली आहे, आणि कपाटाची किल्ली तिच्याकडे आहे.