रात्रीचे रूळ, वरच्या तारा

वाक्वाच्या पावसाचा नेम नाही. परवा संध्याकाळी पुतण्याला घेऊन आम्ही मेट्रोच्या रुळांचे फोटो काढायला निघालो, तेव्हा झिमझिम चालूच होती. घरच्यांनी वेड्यातच काढले. पण पावसाने आमचे कामच केले, कारण ओल्या रस्त्यावर प्रत्येक दिवा दोनदा दिसतो.

रूळ सगळा चमकत नाही, चमकतो तो त्याचा माथा. चाकांनी घासून घासून तो आरशासारखा होतो. म्हणून दिवा आपल्या पाठीशी नव्हे, रुळांच्या पलीकडे समोर हवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अपर्चर ८, शटर दहा सेकंद उघडे. बोटाच्या धक्क्याने चित्र हलते, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. इतके केले की रुळांच्या दोन पांढऱ्या रेषा उमटतात.

तारेने मात्र आम्हाला फार रडवले. काळ्या आकाशात काळी तार दिसणार कशी? पहिल्या चित्रांत नुसते दिवेच होते! मग उमगले की सूर्य मावळल्यावर आकाश निळे असते, तेवढ्या वेळातच तार पकडावी. आपल्याकडे ही वेळ अर्धा तासही टिकत नाही. त्या निळाईत आणखी एक गोष्ट दिसली. सरळ मार्गावरही तार सरळ नसते, खांबागणिक थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे जाते. गाडीच्या माथ्यावरची कार्बनची पट्टी एकाच जागी झिजू नये म्हणून ही नागमोड. शटर उघडे असताना गाडी गेली तर चित्रात गाडी उरत नाही, दिव्यांच्या लांब फिती तेवढ्या उरतात.

एक सांगून ठेवतो. तारेत ७५० व्होल्टचा प्रवाह असतो. आम्ही फूटपाथ सोडला नाही, धातूचा ट्रायपॉड उंच धरला नाही. मुलांना एकटे पाठवू नका.

एवढा खटाटोप कशासाठी? आमचे आजोबा जुन्या आगगाडीचे फाटकवाले होते. ती गाडी १८६४ साली सुरू झाली, १९५६ साली प्रवाशांसाठी बंद पडली आणि १९६४ साली मालगाड्याही थांबल्या. आजची मेट्रो २०२० पासून प्रवासी नेते, २०२२ साली ती क्यूरपिपपर्यंत पोहोचली, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या वाटेने धावते. आजोबा रात्री हातात कंदील घेऊन उभे राहत, असे आजी सांगे. त्या कंदिलाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. फाटक नेमके कुठे होते, हे विचारायलाही आता कोणी उरले नाही.

पुतण्याने शेवटचे चित्र दाखवले. त्यात रूळ होते, तार होती आणि कोपऱ्यात छत्री धरलेले आम्ही, जरा हललेले. ते पुसू नको म्हटले.

वाचकहो, कोणाच्या घरी जुन्या पेटीत आगगाडीचा एखादा फोटो असेल, दिवसाचा का असेना, तर आम्हाला अवश्य कळवा. आम्ही येऊन पाहून जाऊ.