एक कोटी रुपये आणि धवलारीण

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर गाणारी-वाजवणारी माणसं पुष्कळ आहेत, पण निव्वळ त्यावर पोट भरणारी फार थोडी. खालू बाजातला सनईवाला पावसाळ्यात भात लावतो, ब्रास बँडमधला ट्रंपेटवाला एरवी रिक्षा चालवतो, कोळीवाड्यातला ढोलकीवाला होडीवर जातो. त्यांच्या कमाईचे दिवस पंचांगाने बांधलेले आहेत. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते, मध्ये शिमगा आणि गावोगावच्या जत्रा येतात, श्रावणात नारळी पौर्णिमा आणि गोकुळाष्टमी, पाठोपाठ गणपती. पण त्याआधीचा आषाढ कोरडा जातो. चातुर्मासात लग्नं नसतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणजे वाजवण्याचे आणि होडीचे असे दोन्ही पैसे एकाच वेळी थांबतात. २०२० साली तर मार्चमधल्या टाळेबंदीने लगीनसराई संपवली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळून घरांची छपरं, नारळी-पोफळीच्या वाड्या घेऊन गेलं. अशा माणसाला लॉटरी लागली तर तो काय करील? नवी वाद्यं, ताफ्याला चांगली साउंड सिस्टिम, गावात संगीत विद्यालय, अशी उत्तरं सहज सुचतात. माझं म्हणणं असं की, बक्षीस किती मोठं आहे यापेक्षा ते हातात कसं पडतं, यावर गाण्याचं पुढे काय होणार हे जास्त ठरतं. एकदम आलेली रक्कम भिंती, सामान आणि बडेजाव यांच्याकडे वळते. तीच रक्कम महिन्यामहिन्याने आली तर ती वेळाकडे आणि शिष्यांकडे जाण्याची शक्यता वाढते. किनाऱ्यावरच्या गाण्याला आज तुटवडा आहे तो याच दोन गोष्टींचा.

आधी हिशोब पाहू, कारण एक कोटी या आकड्याबद्दल पुष्कळ भ्रम असतात. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. तिकीट घ्या असं मी सुचवत नाही. बहुतेक तिकिटांना काहीच लागत नाही. पण लागलंच, तर बक्षिसावर सरसकट तीस टक्के आयकर आहे. त्यावर पन्नास लाखांच्या पुढच्या उत्पन्नाला लागणारा दहा टक्के अधिभार आणि चार टक्के उपकर. त्या वर्षी दुसरं काही उत्पन्न नाही असं धरलं, तरी एक कोटीतून ३४ लाख ३२ हजार कापले जातात आणि हातात ६५ लाख ६८ हजार उरतात. ते बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला सुमारे ३२ हजार ८४० रुपये व्याज येईल. बारा जणांच्या भजन मंडळाने ते वाटून घेतलं तर माणशी जेमतेम २७३७. म्हणजे एक कोटी ही रक्कम एका घराला सावरणारी असली, तरी अख्ख्या ताफ्याला बसून खाऊ घालणारी नाही. आणि जेमतेम पुरेल अशीच रक्कम असली की ती कोणत्या रूपात येते, याला महत्त्व येतं.

मराठी संगीतात लॉटरीची कथा नसली, तरी हातात मोठा पैसा खेळल्यावर मोठी माणसं काय करतात याचा पुरावा भरपूर आहे. पलूसकरांचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. विष्णु दिगंबर पलूसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये ते मुंबईला आणलं. विद्यार्थी त्यांच्याकडेच राहत, जेवत, शिकत. संस्थेला स्वतःची इमारत हवी म्हणून त्यांनी कर्ज काढलं, मैफलींचे पैसे त्यात ओतले आणि सँडहर्स्ट रोडवर वास्तू उभी केली. १९२४ मध्ये कर्जापायी ती लिलावात गेली. पलूसकर नाशिकला गेले आणि १९३१ मध्ये वारले. पण त्यांच्या पंगतीत जेवलेले ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे सगळे पुढे गात आणि शिकवत राहिले. शिष्यांनी १९३१ मध्येच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि त्याच्या परीक्षांना आजही देशभरातली मुलं बसतात. ज्यात एकरकमी पैसा गेला ती इमारत हातची गेली. ज्यात रोजचा शिधा आणि रोजची तालीम गेली ती परंपरा मात्र शंभर वर्षं चालली. मास्टर दीनानाथांच्या बाबतीत तर भरपाईलाही काही उरलं नाही. बलवंत संगीत मंडळी त्यांनी १९१८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर काढली, नाटकावर नाव आणि पैसा दोन्ही मिळवलं आणि मग ते सिनेमात घातलं. १९३४ च्या ‘कृष्णार्जुन युद्ध’नंतर कंपनी सावरली नाही. १९४२ मध्ये ते गेले तेव्हा घर सांभाळायला थोरली लता बारा वर्षांची मुलगी होती.

यावर कोणी म्हणेल, हे व्यवहारात कच्चे होते एवढाच याचा अर्थ. मला ते पटत नाही. पलूसकरांसारखा शिस्तीचा, पावलापावलाचा विचार करणारा माणूस व्यवहारात कच्चा म्हणता येत नाही. मोठी रक्कम किंवा मोठं कर्ज समोर असलं की ते लोकांना दिसेल अशा कामात घालावं असं वाटणं स्वाभाविक आहे. वास्तू दिसते, तालीम दिसत नाही. किनाऱ्यावरच्या मंडळांतही हेच होताना दिसतं. देणगी मिळाली की सभामंडपाला फरशी बसते, स्पीकर येतात, सगळ्यांना एकसारखे झब्बे शिवले जातात. पखवाजाची पुडी मात्र तीच जुनी राहते.

या पुडीकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. खाऱ्या, दमट हवेत पखवाजाचं चामडं सैल पडतं. उजव्या तोंडावरची शाई तडकते, खपलीसारखी उडते. डाव्या तोंडाला कणीक लावून सूर जुळवला तरी अर्ध्या भजनात तो उतरतो, मग बुवा गात असताना पखवाजी हातोडीने गठ्ठे ठोकत बसतो. पेटीचंही तसंच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भाता गळतो. नवी पेटी आणली तरी दोन पावसाळ्यांत तिची हीच गत होते. म्हणून वाद्याचा खरा खर्च ते विकत घेताना होत नाही, ते वर्षानुवर्षं सुरात ठेवताना होतो, आणि त्यासाठी एकदम मोठी रक्कम लागतच नाही. दर वर्षी थोडी, पण नक्की, लागते.

धवलारणीच्या बाबतीत तर विकत घेण्यासारखं काही नसतंच. रायगड-ठाण्याच्या आगरी समाजातल्या लग्नात ही बाई धवले गाते. हळद, मांडव, एकेक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो, आणि जुन्या चालीत लग्न लावण्याचा मानही तिचाच. धवल्यांची परंपरा किती जुनी, तर तेराव्या शतकातल्या महदंबेच्या धवळ्यांनी मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीचं नाव आपल्यापर्यंत पोचवलं. पण आगरी धवलारणीकडे पोथी नाही. कोणत्या विधीला कोणता धवला, कुठे थांबायचं, नवऱ्याच्या आणि नवरीच्या घरी काय बदलतं, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. लुगडं, तांदूळ, नारळ आणि वर थोडी दक्षिणा, असा तिचा मोबदला. तिला एक कोटी दिले तर ती घर बांधील, नातवंडांचं शिक्षण करील, आणि ते करावंच. धवल्यांचं मात्र त्याने काही होणार नाही. त्यांना हवी आहे तिच्या शेजारी चार-पाच लगीनसराया बसणारी मुलगी. ती मुलगी आज बसत नाही, कारण त्या दिवसांत दुकानात उभं राहिलं तर पगार मिळतो आणि धवलारणीशेजारी बसलं तर काहीच मिळत नाही.

नेमाने येणाऱ्या पैशाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. देवळातला गुरव, वाजंत्री यांना इनाम जमिनी होत्या, खळ्यावर बलुतं होतं, आणि त्या आधारावर सनई-चौघडा पिढ्यानपिढ्या वाजत राहिला. इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ही व्यवस्था जातीला जखडलेली होती. ज्याच्या बापाने वाजवलं त्याने वाजवलंच पाहिजे, नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मिळायचं ते हक्काचं असूनही मान खाली घालून घ्यावं लागायचं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा १९५८ चा कायदा झाला तो योग्यच झाला. पण वतनाबरोबर दोन वेगळ्या गोष्टी गेल्या, सक्ती आणि नियमितपणा. पहिली जायलाच हवी होती. दुसरीच्या जागी आपण सुपारी आणली, म्हणजे एका रात्रीचा सौदा, आणि सुपारी फक्त वाजवण्याची मिळते, शिकण्या-शिकवण्याची कोणी देत नाही. राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना आता दरमहा ५००० रुपये मानधन देतं. ते मोलाचं आहे, पण कला म्हातारी झाल्यावर हाती येतं. शिकणाऱ्या मुलीसाठी त्यात काही नाही.

सक्ती न करता नियमित पैसा देता येतो याचं अलीकडचं उदाहरण आयर्लंडचं आहे, आणि गंमत अशी की ती खरोखरच लॉटरी होती. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने कलावंतांसाठी मूळ उत्पन्नाची योजना काढली. पात्र ठरलेल्या आठ हजारांवर अर्जदारांमधून सोडत काढून २००० जण निवडले आणि त्यांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो दिले. काय गायचं, काय रंगवायचं, याची कोणतीही अट नव्हती. ज्यांना पैसे मिळाले नाहीत अशा सुमारे हजार जणांच्या गटाशी तुलना केली, तेव्हा पैसे मिळालेले कलावंत कलेला जास्त वेळ देताना आढळले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ही योजना कायम करण्याचं जाहीर केलं. ‘पोट भरलं की कलावंत आळसावतो’ असं ज्यांना वाटतं, त्यांना याहून थेट उत्तर देता येणार नाही. स्वीडनमध्ये लॉटरी जिंकलेल्या सामान्य लोकांचा मोठा अभ्यास झाला, त्यातही माणसं काम थोडं कमी करतात, सोडून देत नाहीत, असंच दिसलं.

रायगडच्या किनाऱ्यालाही घबाडाचा एक अनुभव आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीत जमिनीखाली तांब्याची पेटी सापडली, तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता. तो विकला गेला नाही, देवळात बसवला गेला. मग दर्शनाला माणसं येऊ लागली, घरगुती खानावळी आणि राहण्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि गावाला त्या सोन्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त, पण थोडं थोडं करून, मिळत गेलं. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा गेला, आणि गावातली वर्दळही रोडावली. नव्या मुखवट्याची स्थापना २०२१ मध्ये झाली. मूळ ठेव न मोडता तिच्या उत्पन्नावर गाव चालतं, हे या किनाऱ्याला वेगळं शिकवायला नको.

तरी दोन आक्षेप उरतात. ज्याच्या घराचं छप्पर गळतंय, ज्याच्यावर सावकाराचं कर्ज आहे, त्याला व्याजावर जगायला सांगणारे आपण कोण? हा प्रश्न बरोबर आहे. एकट्या माणसाला बक्षीस लागलं तर पहिला हक्क कर्जाचा, छपराचा आणि दवाखान्याचा, आणि त्यात कोणी बोलू नये. माझं सगळं म्हणणं त्यानंतर उरणाऱ्या रकमेबद्दल, किंवा एखाद्या मंडळाला, ताफ्याला मिळालेल्या पैशाबद्दल आहे. दुसरा आक्षेप महागाईचा. सगळं व्याज खाल्लं तर दहा वर्षांत त्या ३२ हजारांत आजच्या निम्म्याच्या जवळपास माल येईल. म्हणून व्याजातला काही हिस्सा मुद्दलात परत टाकायलाच हवा. मोठ्या रकमेशिवाय होत नाहीत अशी कामंही असतात, हेही मान्य. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव उभा करायला दर वर्षी मोठा पैसा लागला. पण तो दर वर्षी लागला आणि दर वर्षी उभा केला गेला, म्हणूनच महोत्सव टिकला.

समजा अलिबाग किंवा मुरूड तालुक्यातल्या एखाद्या नोंदणीकृत मंडळाकडे ही ६५ लाख ६८ हजारांची ठेव आली. महिन्याच्या ३२ हजार ८४० मधून धवलारणीला सहा हजार, तिच्याशेजारी बसणाऱ्या दोन मुलींना तीन-तीन हजार. सनईवाल्याला सहा हजार, त्याच्याकडे शिकणाऱ्या दोन मुलांना तीन-तीन हजार. जात कोणतीही चालेल, आणि मुलीला सनई शिकायची असली तर तीही चालेल. इथवर २४ हजार झाले. उरलेल्या ८ हजार ८४० पैकी निम्मे पुड्या, शाई आणि भात्यांच्या दुरुस्तीला, निम्मे परत मुद्दलात. निम्म्यावर महागाई पुरती भरून निघणार नाही, तेव्हा मंडळाने सुपारीतला काही वाटा त्यात घालावा. शिकवणी सुरू करावी ती आषाढात. तेव्हा होड्या किनाऱ्याला शाकारलेल्या असतात, लग्नं नसतात, आणि शिकवणाऱ्याला नि शिकणाऱ्याला दोघांनाही सलग काही आठवडे संध्याकाळचा वेळ मिळतो.